चार घोडेस्वार, तीन कुत्री, सहाशे जनावरं: कळप डोंगरावरून खाली कसा येतो?

तुमचे प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. अमेरिकेतल्या एका व्हिडिओत चार काउबॉय आणि तीन कुत्री तीनशे गायी वासरांसकट डोंगरावरून खाली आणताना तुम्ही पाहिले. काठी नाही, आरडाओरडा नाही. गायी कुत्र्यांच्या भीतीने चालतात का, मोटारसायकली असताना अजून घोडेच का, आणि तुमच्या तीस संकरित गायींच्या मुक्त गोठ्यासाठी तसलं एखादं कुत्रं घेतलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

माझी ओळख एवढीच. परभणीला पशुवैद्यक शिकले आणि गेली १९ वर्षं ओरेगन राज्याच्या आग्नेय भागात मोठ्या जनावरांची डॉक्टर म्हणून काम करते. आमची हार्नी काउंटी आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट मोठी आहे आणि वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. गुरं माणसांपेक्षा कितीतरी जास्त. उन्हाळाभर गायी स्टीन्स डोंगराच्या अंगाखांद्यावर चरतात, पानगळीच्या दिवसांत खाली येतात, आणि मग त्यांची गर्भतपासणी, लसीकरण ही माझी कामं सुरू होतात. पहिली काही वर्षं मी फक्त खोड्यापाशी, म्हणजे तपासायला जनावर अडकवून धरतात त्या चौकटीपाशी, उभी असायचे. पुढे माणसं कमी पडायला लागली तशी मलाही घोडा मिळू लागला. आता दर मोसमात आठ-दहा दिवस मी त्यांच्याबरोबर रानात असते. म्हणजे कळप आणताना काय होतं तेही पाहिलंय आणि तसा आणलेला कळप खोड्यात आल्यावर कसा वागतो तेही.

भीतीचा प्रश्न आधी घेऊ. भीती आहे, पण फार थोडी, आणि ती वाढली तर काम बिघडतं. सहाशे जनावरांना सात जण ढकलून नेऊ शकत नाहीत. चार दिशांना फुटायचं त्यांनी ठरवलं तर जगातला कुठलाही घोडेस्वार त्यांना आवरू शकणार नाही. म्हणून मी हा प्रश्न असा विचारते: वर्षातून दोन-तीनदाच माणूस पाहणाऱ्या गायीला, आपल्याला हवी त्याच वाटेने जावंसं का वाटतं?

गायीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. तिला एका वेळी ३०० अंशांहून जास्त दिसतं, फक्त शेपटीच्या अगदी मागचा पट्टा दिसत नाही. समोरचं अंतर मात्र तिला नीट जोखता येत नाही, म्हणून जमिनीवर पडलेली सावली किंवा पाण्याचा ओघळ पाहून ती थबकते आणि मान खाली घालून बघत राहते. आता कुणी बरोबर तिच्या मागून आलं तर ते तिला दिसत नाही. ती बघायला वळते. तिला वाटतं बघावं, आपल्याला वाटतं ही हट्टाने उलटी फिरली. अनुभवी स्वार कळपाच्या थेट मागे कधीच चालत नाही. तो मागच्या बाजूने डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे, सावकाश आडवा फिरत राहतो. प्रत्येक गायीच्या डोळ्याला तो आळीपाळीने दिसतो, आणि त्या पुढे चालत राहतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बुजण्याचं अंतर. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं. आपण त्याच्या बाहेर असलो की ते नुसतं बघतं, आत पाऊल टाकलं की सरकतं. तुमच्या गोठ्यातल्या गायीला हात लावून धार काढतात, तेव्हा तिच्यापुरतं हे अंतर शून्य आहे. आमच्याकडची डोंगरातली गाय तीस-चाळीस मीटरवरूनच मान वर करते. सगळं काम या वर्तुळाच्या कडेवर चालतं. एक पाऊल आत, गाय हलली की एक पाऊल बाहेर. आत घुसून राहिलात तर ती धावते, किंवा आणखी दाबलंत तर वळून अंगावर येते.

तिसरी गोष्ट खांद्याची. गायीच्या खांद्याला तराजूसारखा एक काटा आहे असं समजा. तिच्या बाजूने, वर्तुळाच्या आत राहून, तुम्ही डोक्याकडून शेपटीकडे चालत गेलात आणि खांदा ओलांडलात की ती पुढे निघते. तुम्ही शेपटीकडून डोक्याकडे गेलात तर ती मंदावते, थांबते किंवा मागे फिरते. कॉलोराडो राज्य विद्यापीठातल्या टेंपल ग्रँडिन यांनी हे आकृत्या काढून जगभर समजावलं. बड विल्यम्स (१९३२–२०१२) नावाच्या गृहस्थाने आयुष्यभर रँचांवर फिरून प्रत्यक्ष करून दाखवलं. पण जुन्या गुराख्यांना हे नावाशिवाय ठाऊक होतंच. आपल्याकडेही बैल जुंपायला आणताना म्हातारी माणसं खांद्याच्या कुठल्या बाजूला उभी राहतात ते आठवून बघा.

या तिन्हींत सगळ्यात महत्त्वाचा भाग लोकांच्या नजरेतून निसटतो: दाब सोडणं. गाय हवी तशी हलली की त्याच क्षणी आपण मागे सरायचं. तिच्या दृष्टीने तेच बक्षीस आहे. ‘या दिशेला गेले की हा माणूस माझा पिच्छा सोडतो’ हे तिला दोन-तीन वेळांत कळतं. जो हलल्यानंतरही मागे लागून राहतो, तो तिला उलटा धडा देतो की काहीही केलं तरी सुटका नाही. मग ती ऐकणं सोडून देते. व्हिडिओत तुम्हाला स्वार नुसते रमतगमत चाललेत असं वाटलं असेल. ते खरं तर दाब सोडत चाललेले असतात.

आता प्रत्यक्ष दिवस कसा जातो ते सांगते. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण व्हिडिओत शेवटचा तासच दिसतो आणि खरं काम त्याच्या आधी झालेलं असतं.

पहाटे चारच्या सुमाराला अंधारात खोगिरं कसली जातात. ऑक्टोबरात पाण्याच्या हौदावर बर्फाचा पापुद्रा असतो. घोडे ट्रेलरमधून रस्ता संपेल तिथपर्यंत नेतात आणि तिथून सगळे जण दुडक्या चालीने रानाच्या पार टोकाला जातात, गुरांच्याही पलीकडे. मुकादम प्रत्येकाला एकेक ओढा किंवा डोंगराची सोंड वाटून देतो. तू या कड्याखालचं झाडोरं बघ, तू त्या झऱ्यापर्यंत जा. उजाडताना प्रत्येक जण आपापल्या जागी असतो, आणि मग सगळे एकाच वेळी खाली उतरायला लागतात. शक्यतो उंचावरून चालायचं, म्हणजे शेजारचा स्वार दिसत राहतो. त्या दोघांमधली गुरं त्यांना पाहून आपोआप आपल्या रोजच्या पायवाटेला लागतात. त्या पायवाटा पाण्याकडे जातात, आणि पाणी खाली आहे. मुकादमाने सकाळी जागा वाटून दिल्या तिथेच अर्धं काम झालेलं असतं.

हे सगळं पहाटे करण्याचं कारण उष्णता. गायीचं नेहमीचं तापमान साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. उन्हात धावली की ते झपाट्याने वाढतं आणि उतरायला वेळ लागतो. शिवाय सकाळी गुरं उठून चरत असतात. दुपारी ती झाडीत रवंथ करत बसली की शोधून उठवणं फार जिकिरीचं होतं.

ओढ्याओढ्यातून आलेले छोटे कळप एका मोकळ्या सपाटीवर जमतात, शक्यतो कुंपणाच्या कोपऱ्यापाशी किंवा पाण्याजवळ. तिथे स्वार सैलसर कडं करून थांबतात. या कामाला आमच्या भागात अजून स्पॅनिश शब्दच वापरतात, ‘रोदेआर’, म्हणजे वेढून धरणं. ‘रोडिओ’ हा शब्द त्यातूनच आला. इथल्या गुराख्याला ‘बकारू’ म्हणतात, तोही ‘वाकेरो’चा अपभ्रंश, आणि ‘वाका’ म्हणजे गाय. १८७२ साली पीटर फ्रेंच हा माणूस कॅलिफोर्नियातून गुरं घेऊन स्टीन्सच्या पायथ्याशी आला तेव्हा त्याच्याबरोबर मेक्सिकन वाकेरो होते. इथली घोडा शिकवण्याची आणि दोर टाकण्याची पद्धत तिथून चालत आलेली आहे. त्याने बांधलेला गोल गोठा अजून उभा आहे. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना आत गोल फिरवून घोडे तयार करायचे, म्हणून तो गोल.

सपाटीवर कळप जमला की लगेच पुढे न्यायचा नाही. तास-दीड तास थांबायचं. नवशिक्याला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, मलाही वाटायचा. पण त्या वेळात गायी हंबरून आपापलं वासरू शोधतात, वासरं लुचतात, जोड्या जमतात. जोडी जमली नाही तर काय होतं ते नीट समजून घ्या. हरवलेलं वासरू शेवटचं दूध जिथे प्यायलं तिथे परत जातं, डोंगरावर, दहा-बारा किलोमीटरसुद्धा. त्याच्यामागे रात्री कुंपण तोडून गाय जाते, आणि दुसऱ्या दिवशी दोन स्वारांना त्या दोघांसाठी तोच डोंगर पुन्हा चढावा लागतो. तासभर थांबलो तर हा सगळा दिवस वाचतो.

मग खाली उतरणं. पुढे एखादी म्होरकी गाय असते, प्रौढ, दर वर्षी या वाटेने गेलेली. तिला मोकळी वाट दिसत राहील एवढंच पुढच्या स्वाराने बघायचं. मधले स्वार दोन्ही बाजूंना, कळपाची लांबी आणि रुंदी सांभाळत. सगळ्यात कष्टाची जागा मागची, धुळीत. तिथे थकलेली वासरं आणि लंगडणाऱ्या गायी असतात. मागचा स्वार घाई करू लागला की मागची गुरं पुढच्यांवर चढतात, कळप दाटतो आणि मळणीच्या खळ्यावर बैल फिरावेत तसा जागच्या जागी गोल फिरायला लागतो. तो गोल सुटायला अर्धा तासही लागू शकतो.

१८६७ नंतर टेक्सासमधून चिझम वाटेने कॅन्ससच्या रेल्वे स्थानकापर्यंत जे मोठे कळप गेले, त्यांचीही हीच मांडणी होती. साधारण अडीच हजार गुरं, दहा-बारा स्वार, आणि दिवसाला १५ ते २५ किलोमीटर. एवढंच, कारण गुरं वाटेत चरत गेली तरच विकायच्या वेळी अंगाने भरलेली राहायची. दौडत निघालेला कळप म्हणजे तेव्हाही संकटच होतं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तिसऱ्या वर्षी खालच्या फाटकापाशी मला उभं केलं होतं. कळप येताना दिसला तशी मी मदत करायच्या उत्साहाने घोडा फाटकाच्या तोंडापाशी आणला, वाट दाखवावी म्हणून. म्होरकी गाय साठ पावलांवर थांबली. तिच्या मते फाटकात मी होते, म्हणजे फाटक बंद होतं. मी तिथेच थांबून राहिले, मागून दाब येत राहिला, आणि दीडेकशे गायी वळल्या. वासरं फुटून वर पळाली. ती सगळी परत गोळा व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. मुकादम ओरडला नाही. गायींना जिथे जायचं होतं तिथेच मी उभी होते, एवढंच त्याने दाखवून दिलं. तेव्हापासून मी फाटकापाशी उभी राहिले की आधी कळपाच्या बाजूने बघते: तिला इथून काय दिसत असेल?

आता घोडा. मोटारसायकल चालतेच नाही असं नाही. सपाट, मोकळ्या रानात चारचाकी बाइकवरून काम होतं, आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे तर हेलिकॉप्टर आणि मोटारसायकलींनी गुरं जमवतात. हे जमिनीवर अवलंबून आहे. आमच्याकडे लाव्हाचे दगड, सेजब्रशची गुडघ्याएवढी झुडपं आणि घसरडे उतार आहेत. गाडीवर बसलेल्या माणसाचे डोळे दगडांवर राहतात. घोडा आपले पाय स्वतः सांभाळतो, म्हणून स्वाराचे डोळे गायीवर राहतात. उंचीमुळे झुडपांपलीकडचं दिसतं. आणि अर्धं पाऊल मागे घेणं, नुसतं अंग जरा वळवणं, ही बारीक भाषा यंत्राला येत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घोडा स्वतः गाय वाचतो. इथे बहुतेक क्वार्टर हॉर्स जातीचे घोडे असतात. पाव मैलाच्या शर्यतीत वेगवान म्हणून हे नाव. यांच्यातल्या काहींना गायीची जन्मजात समज असते. कळपातून एक गाय वेगळी काढायची असेल तर स्वार ती गाय घोड्याला दाखवतो आणि लगाम सैल सोडतो. घोडा मान खाली घालतो, तिच्या डोळ्यात बघतो, आणि ती वळायच्या आधी तिच्या खांद्यावरून ओळखून तिकडे पोचलेला असतो. अशा घोड्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा गाय कुठे जाणार हे मला घोड्याच्या कानांवरून कळत होतं.

असा घोडा एका वर्षात तयार होत नाही. जुन्या बकारू पद्धतीत सुरुवातीला तोंडात लोखंड घालतच नाहीत. नाकावर कातड्याची वेणी असलेलं मोरकीसारखं साधन घालून दोन-तीन वर्षं त्याच्यावर शिकवतात, मग काही काळ दोन्ही, आणि शेवटी लगाम. पाच-सहा वर्षं जातात. म्हणूनच एका स्वाराकडे चार-पाच घोडे असतात, काही पक्के, काही शिकणारे. दिवसाला चाळीसेक किलोमीटर डोंगर तुडवलेल्या घोड्याला दुसऱ्या दिवशी विश्रांती द्यावीच लागते.

कुत्र्यांबद्दल आपल्या लोकांचा एक गोंधळ मी वारंवार पाहते. आपल्याला धनगरांची कुत्री माहीत आहेत. ती राखण करतात, लांडग्याला अडवतात, मेंढ्यांमध्येच वाढतात आणि मेंढ्या त्यांना घाबरत नाहीत. गुरं वळवणारं कुत्रं अगदी वेगळं. त्याच्या रक्तात शिकारी आहे. शिकारीचा पाठलाग, वेढा, रोखलेली नजर हे सगळं शाबूत ठेवून शेवटचा घास घेणं तेवढं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून काढून टाकलेलं आहे. राखणीच्या कुत्र्याकडून वळवण्याची अपेक्षा ठेवू नये, आणि उलटही नको.

वळवणाऱ्यांतही प्रकार आहेत. बॉर्डर कॉली लांबून वळसा घालून गुरांच्या पलीकडे जातं आणि नजर रोखून त्यांना माणसाकडे आणतं. ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग मागून काम करतं, खुरापाशी खाली झुकून चिमटा काढतं आणि लाथ डोक्यावरून जाईल असं चपटं होतं. लुइझियानाचं कॅटाहूला झाडीत लपलेली गुरं शोधून त्यांच्याभोवती भुंकत त्यांना एका जागी धरून ठेवतं, स्वार येईपर्यंत. आमच्या बाजूला बहुतेक कुत्री या जातींच्या संकराची आहेत. हुकूम थोडेच: घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जा, उलट दिशेने जा, पुढे सरक, बस, आणि ‘पुरे, परत ये’. लांबवर असेल तर हेच शिट्टीने.

कुत्रं चावतं का? हो, कधीकधी. अडून बसलेल्या गायीच्या नाकाला किंवा खुराच्या वर एक झटपट चावा, आणि ती वळली की त्याच क्षणी सोडायचं. जे कुत्रं गाय वळल्यावरही सोडत नाही, किंवा शेपटीला, मांडीला, कासेला तोंड घालतं, ते कळपाचा नाश करतं. अशा जखमांना मी टाके घातलेत. म्हणून पक्क्या कुत्र्याची माझी कसोटी एकच आहे: पळत असताना बोलावलं तर थांबतं का? थांबत नसेल तर ते कितीही शूर असो, मी त्याला माझ्या रुग्णांजवळ येऊ देणार नाही.

गायींनाही कुत्रं शिकवावं लागतं, हे फार कमी जणांना माहीत आहे. कुत्रं कधीच न पाहिलेला कळप एकतर उधळतो नाहीतर त्याच्यावर चाल करून जातो. मग लहान आवारात तीस-चाळीस जनावरांबरोबर दोन-तीन दिवस सराव करतात. जी गाय कळपातून फुटते तिला कुत्रं टोचतं, कळपात परतली की कुत्र्याला लगेच बसवतात. थोड्याच वेळात गायींना कळतं की कळपात शिरलं की त्रास संपतो. एकदा हे पक्कं झालं की डोंगरात कुत्र्याला फारसं काही करावंच लागत नाही, ते दिसलं तरी पुरतं. मला विचाराल तर तीन चांगल्या कुत्र्यांनी दोन-तीन स्वारांचं काम हलकं होतं, विशेषतः वाळुंजाच्या दाट झाडीत, जिथे घोडा शिरतच नाही.

पण काही वेळा कुत्री घरी बांधून ठेवायची. गायी नुकत्या व्यायल्या असतील तर अजिबात नाही. पोटाशी वासरू असलेली गाय कुत्र्यात फक्त लांडगा पाहते. ओरेगनच्या ईशान्येला, जिथे लांडगे परतले आहेत, तिथल्या कळपांत वासरं मोठी झाल्यावरही हीच अडचण येते: कुत्रं दिसलं की गायी एकवटून त्याच्यावर धावून जातात, आणि वर्षानुवर्षांची शिकवण फुकट जाते. कडक उन्हातही नाही. कुत्रं थकलं तरी थांबत नाही, त्याला आपण थांबवायचं असतं, पाण्याच्या हौदात उतरवायचं असतं.

जातीनेही फरक पडतो. आमच्याकडे अँगस आणि हियरफर्ड जास्त. दक्षिणेकडे टेक्सास, फ्लोरिडात ब्राह्मन रक्ताची गुरं आहेत. ही अमेरिकन ब्राह्मन जात आपल्या गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून तयार झाली. ही गुरं जास्त हुशार आणि जास्त हळवी. प्रेमाने वागवलं तर माणसामागे चालत येतात, एकदा घाबरवलं तर वर्षभर विसरत नाहीत. त्यांना मागून दाबण्यापेक्षा पुढून खाण्याची पिशवी दाखवत नेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते शहाणे वाटले.

एवढा सगळा संथपणा कशासाठी, हे मला खोड्यापाशी दिसतं. गाय खोड्यात शिरली की हात लावताच कळतं कळप कसा आणलाय. शांत आणलेली गाय मान टाकून उभी राहते. धावडवलेलीचं अंग थरथरत असतं, तोंडाला फेस, तापमान चाळिसाच्या वर. मग खरोखर आजारी कोण आणि नुसती पळून तापलेली कोण, हे मला सांगता येत नाही. घाबरलेल्या जनावराला शांत व्हायला किमान वीस-तीस मिनिटं लागतात. ताणाखाली दिलेल्या लशीला शरीर कमी साथ देतं, आणि प्रवासानंतर वासरांना होणारा फुप्फुसाचा आजार अशाच कळपांत जास्त दिसतो. वजनाचं गणितही सोपं आहे. अडीचशे किलोचं वासरू धावपळीत चार टक्के उतरलं तर दहा किलो गेले. तीनशे वासरांचे तीन हजार किलो. मालकाला हे एकदा कागदावर मांडून दाखवलं की पुढच्या वर्षी ओरडणारा माणूस कामावर दिसत नाही.

आता तुमचा गोठा. माझं स्पष्ट मत आहे, कुत्रं घेऊ नका. तुमच्या गायी माणसाळलेल्या आहेत, त्यांना लांबून वळवायची गरजच नाही. बॉर्डर कॉलीसारख्या कुत्र्याला रोज तास-दोन तास डोकं आणि पाय चालवायला काम लागतं. ते मिळालं नाही तर ते वासरं, कोंबड्या, शाळेतून येणारी पोरं, जे हलेल ते वळवायला लागतं. आणि दुधाच्या गायीचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे. घाबरलेल्या गायीच्या रक्तात ॲड्रेनलिन वाढतं आणि पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं. धारेच्या आधी कुत्रं मागे लावलंत तर ती पान्हा चोरणार, कासेत दूध राहणार, आणि पुढे दगडीला, म्हणजे कासेच्या सुजेला, निमंत्रण.

शंभर एकर कुरण आणि दोनशे भाकड गुरं असती तर मी वेगळं बोलले असते. तीस गायींना तुम्ही स्वतः पुरेसे आहात, फक्त उभं राहण्याची जागा बदला. संध्याकाळी धारेला आणताना काठी आणि हाक दोन्ही घरी ठेवा. फाटक उघडा आणि फाटकापासून दूर, बाजूला व्हा. कळपाच्या मागे थेट उभे न राहता डावीउजवीकडे सावकाश चालत राहा. जी थांबली असेल तिच्या डोक्याकडून खांद्याच्या मागे चालत जा, आणि तिने पहिलं पाऊल उचलल्याबरोबर तुम्ही एक पाऊल मागे या. पहिले दोन दिवस वेळ जास्त लागेल. म्होरकी कोण आहे ते याच दोन दिवसांत दिसेल, ती निघाली की बाकीच्या निघतात, म्हणून तिला कधीही मागून हाकू नका. आठवडाभर हे करून बघा, आणि त्यानंतरही एखादी गाय ठरावीक जागी अडत असेल तर गोठ्याचा साधा नकाशा काढून फाटक कोणत्या बाजूला उघडतं, त्या वेळी सावली कुठे पडते आणि पाण्याची टाकी कुठे आहे ते लिहून पाठवा, मी बघून सांगते.